जुन्या बारोक चॅपलमध्ये आजची धार्मिक चित्रे मांडताना : क्रम, काळजी आणि नेहमीच्या चुका

चित्रे आधी ठरवायची, निमंत्रणपत्रिका छापायच्या आणि शेवटच्या आठवड्यात चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जाऊन खिळा ठोकायला जागा शोधायची, हा क्रम बहुतेक आयोजक धरतात आणि तो नेमका उलटा आहे. चॅपल आधी समजून घ्यावे, मग त्या चॅपलच्या माणसांशी बोलावे आणि चित्रे सर्वांत शेवटी ठरवावीत. हा क्रम चुकला की पुढची प्रत्येक पायरी नीट करूनही नुकसान होतेच. कधी चित्राचे, कधी भिंतीचे, तर कधी गावाशी असलेल्या नात्याचे.

पुढील सूचना गोव्यातील, विशेषतः जुने गोवे, तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतील चॅपले डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, एका टोकाला सोन्याचा वर्ख चढवलेली कोरीव लाकडी वेदी, दुसऱ्या टोकाला दारावरचा लाकडी सज्जा म्हणजे कोर, पायांखाली बऱ्याचदा थडग्यांच्या शिळा आणि आठवड्यातून निदान एकदा होणारी मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना, अशी बारोक (युरोपातून आलेल्या अलंकृत शैलीची) वास्तू येथे गृहीत धरली आहे. वसईतील जुन्या चर्चनाही यातील बराच भाग लागू पडेल.

टप्पा १ : वास्तू कोणाच्या अखत्यारीत आहे ते कागदावर पाहणे

‘चॅपल चर्चचे आहे आणि फादर हो म्हणाले आहेत’ एवढ्यावर काम सुरू करू नये. काही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिका, से कॅथेड्रल आणि सेंट कॅथरीनचे चॅपल ही त्यांतील उदाहरणे आहेत. तेथील चर्च व मठांचा समूह १९८६ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. काही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. उरलेली बरीचशी चॅपले केवळ धर्मप्रांताच्या, एखाद्या कोंफ्रारीच्या (भक्तमंडळाच्या) किंवा एखाद्या जुन्या घराण्याच्या ताब्यात आहेत.

संरक्षित वास्तूत उपासना चालू असेल तर दोन स्वतंत्र परवानग्या लागतात, आणि एकीचे पत्र दुसरीच्या जागी चालत नाही. १९५८ च्या केंद्रीय स्मारक कायद्याखाली १९५९ मध्ये झालेल्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात सभा, परिषद, स्वागतसमारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. रूढ धार्मिक प्रथेनुसार होणाऱ्या गोष्टींना यातून सूट आहे. ‘आमची चित्रे धार्मिकच आहेत, म्हणजे आम्हाला सूट’ असा अर्थ येथे अनेक जण काढतात. तो काढू नये. सूट त्या जागेच्या रूढ प्रथेला आहे आणि तुमचे प्रदर्शन ही तेथील रूढ प्रथा नव्हे.

चर्चच्या बाजूने पाहता, चर्चच्या कायद्याचे १२१० वे कलम पवित्र स्थळी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक अशाच गोष्टींना मुभा देते. अन्य वापराला त्या त्या प्रसंगापुरती परवानगी देण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या प्रमुखाकडे आहे, तेथील धर्मगुरू म्हणजे विगार यांच्याकडे नाही. विगारांचा होकार आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. चॅपलचे पैसे आणि डागडुजी पाहणारे फाब्रिक, आणि असल्यास कोंफ्रारी, यांनाही पहिल्याच आठवड्यात भेटावे. दारांच्या किल्ल्या, विजेचा बोर्ड आणि बाकांच्या जागा यांचा खरा कारभार तेथूनच चालतो.

सावधान : तोंडी होकाराला आयुष्य नसते. एका प्रदर्शनात आम्हाला होकार देणाऱ्या विगारांची मध्येच बदली झाली. नव्या विगारांनी अतिशय सौजन्याने विचारले, “पत्र कुठे आहे?” पत्र नव्हते. आमचे पाच आठवडे गेले आणि त्यात चूक सर्वस्वी आमची होती.

टप्पा २ : अर्ज लिहिणे

अर्ज कसा लिहावा याचा आयता साचा उपलब्ध आहे. चर्चमध्ये होणाऱ्या संगीत मैफिलींसंबंधी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने १९८७ मध्ये काही अटी घातल्या. लेखी अर्ज पुरेसा आधी द्यावा, प्रवेश मोफत असावा, वादकांनी वेदीच्या आवारात बसू नये, शक्य असेल तेथे पवित्र साक्रामेंत (जपून ठेवलेली पवित्र भाकर) अन्यत्र सुरक्षित जागी हलवावे, आणि खर्च, नुकसानभरपाई व वास्तू पूर्ववत करण्याची जबाबदारी आयोजकाने लेखी घ्यावी, हे त्यांचे सार आहे. या अटी मैफिलींसाठी आहेत, चित्रांसाठी नाहीत. पण त्याच क्रमाने अर्ज लिहिला तर वाचणाऱ्याचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात.

अर्जासोबत विचारात असलेल्या प्रत्येक चित्राचे छायाचित्र, त्याचे माप, माध्यम आणि विषय एका वाक्यात द्यावा (अंतिम निवड टप्पा ५ मध्ये होते). मांडणीचा कच्चा नकाशा जोडावा आणि त्यावर बाके, वेदी, बाजूचे दरवाजे व चित्रे लावायच्या उभ्या पटलांच्या जागा मापासह दाखवाव्यात. ‘भिंतीला, लाकूडकामाला आणि फरशीला काहीही चिकटवले, ठोकले किंवा बांधले जाणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे आणि पुढे ते अक्षरशः पाळावे.

चित्रांच्या पुनर्मुद्रणाची परवानगी याच वेळी घ्यावी. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही, आणि हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९६७ मध्ये निवर्तलेले गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांचा हक्क या हिशेबाने २०२७ अखेरपर्यंत शाबूत आहे. पुस्तिकेत किंवा फलकावर चित्र छापायचे असल्यास हक्कधारकाचे पत्र हाती असावे.

टप्पा ३ : तारीख

जून ते सप्टेंबर हा काळ विचारातच घेऊ नये. ऑक्टोबरही टाळावा, कारण पाऊस थांबला म्हणजे जांभा वाळला असे नाही. जाड भिंत आत मुरलेले पाणी पुढे कित्येक आठवडे सोडत राहते. २४ नोव्हेंबरपासून जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे नोवेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त म्हणजे सण असतो. त्या दिवसांत तेथे वाहन उभे करायलाही जागा मिळत नाही. त्यानंतर नाताळची तयारी आणि येशूजन्माचा देखावा म्हणजे गोठा.

माझ्या मते सर्वांत योग्य काळ जानेवारीच्या मध्यापासून राखेच्या बुधवारापर्यंतचा. हा बुधवार दरवर्षी हलतो : २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला येतो आणि २०२७ मध्ये १० फेब्रुवारीला. त्यानंतरच्या उपवासकाळात वेदीवर फुले नसतात, आणि पुढे काही ठिकाणी मूर्तीही जांभळ्या कापडाने झाकतात. अशा वेळी बाजूला रंगीत चित्रे उभी करणे उपासनेच्या विरुद्ध जाते. मात्र याच जानेवारी-फेब्रुवारीत लग्ने भरपूर असतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी चॅपलची नोंदवही पाहावी. नवरी आत येण्याची वाट एखाद्या पटलाने अडवली, तर ते पटल कोण हलवणार हे त्या सकाळी ठरवायचे नसते.

तपासणी : येथवर आल्यावर हाती लागू असलेल्या सर्व लेखी परवानग्या, नोंदवहीत लिहिलेली तारीख आणि विगार, फाब्रिक व साक्रिस्तांव (चॅपलची देखभाल करणारा सेवक) या तिघांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. यांतील एकही नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४ : चॅपलची पाहणी

या टप्प्याला घाई करणाऱ्याचे पुढे सर्व बिघडते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

एकाच दिवशी चार वेळा जावे : सकाळी दार उघडताना, दुपारी बारा वाजता, साडेचारला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी. प्रत्येक वेळी मधल्या बाकावर वीस मिनिटे नुसते बसावे. सोबत लक्समीटर (प्रकाश मोजण्याचे यंत्र), मोजपट्टी आणि नकाशाचा कागद असावा. खडूने फरशीवर खुणा करू नयेत.

ऊन. जुन्या चॅपलांची दारे पुष्कळदा पश्चिमेला असतात आणि कोरवर गोल किंवा चौकोनी खिडकी असते. सकाळी अकराला पाहणी करणाऱ्याला ती खिडकी निरुपद्रवी वाटते. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने चारनंतर तिच्यातून येणारी तिरीप आत खोलवर शिरते आणि उत्तरेकडच्या भिंतीवर पडते. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. हाताच्या पंजाएवढा उन्हाचा तुकडा आधी फरशीवर आला, मग बाकाच्या पाठीवर चढला आणि जेथे जलरंगातले एक छोटे चित्र लावायचे ठरले होते त्या जागेवर येऊन पंचवीस मिनिटे थांबला. जलरंगाला ५० लक्सच्या वर प्रकाश नको असतो आणि मीटर त्या ठिकाणी हजारोंत बोलत होता. पडदा लावून हा प्रश्न सोडवू नये, कारण पडद्यासाठी पुन्हा खिळा लागतो. चित्राची जागा बदलावी.

ओल. तापमान व आर्द्रता नोंदवणारे छोटे यंत्र वेदीजवळ, मधल्या भिंतीजवळ आणि कोरखाली असे तीन ठिकाणी किमान दोन आठवडे ठेवावे, आणि शक्य असल्यास आदल्या वर्षी त्याच महिन्यात. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर रेंगाळत असेल तर कागद, कॅनव्हासची मागची बाजू आणि सरसाचे थर यांवर बुरशी येण्याची शक्यता धरून चालावे. भिंतीला लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागला आहे का, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो का, हे बोटाच्या पेराने हलकेच पाहावे. जांभा सच्छिद्र असतो आणि त्यावरचा गिलावा हेच त्याचे छत्र असते. बॉम जेझूच्या बाहेरील भिंतींवरचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यास काढला गेला, आणि त्या उघड्या दगडात मुरणाऱ्या पाण्याची चिंता आजही संपलेली नाही.

चुन्याच्या थरांखाली काय आहे हे वरून दिसत नाही. जुने गोवे येथील सांता मोनिका मठात भिंतींवर जुनी चित्रे आहेत, आणि अन्यत्रही चुन्याखाली रंग दडलेला असू शकतो. चिकटपट्टीचा एक तुकडा काढताना चुन्याची खपली निघते तेव्हा तिच्या मागे काय निघाले हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

रांगणारे आणि उडणारे जीव. छताशी वटवाघळे आहेत का हे फरशीवरच्या काळ्या लेंड्यांवरून कळते. कुंभारीण माशी चौकटीच्या मागे दोन दिवसांत मातीचे घर बांधते, आणि पालीला कॅनव्हासच्या मागची सावली फार आवडते. ही थट्टा नव्हे. पालीच्या विष्ठेचा डाग कागदावरून निघत नाही.

नजर. दारातून वेदीपर्यंतची नजर मोकळी राहिली पाहिजे. बारोक वास्तूची सारी रचना त्या एका रेषेसाठी केलेली असते आणि त्या रेषेत ठेवलेले कोणतेही चित्र हरते.

टप्पा ५ : चित्रांची निवड

आता चित्रांकडे वळावे. वर्ख चढवलेल्या वेदीशेजारी मध्यम आकाराचे चित्र ठेवले की सोन्याला सरावलेल्या डोळ्यांना ते मळकट दिसते. चित्रकार मग दिवे वाढवायला सांगतो आणि तेथून प्रकाशाची सारी गणिते कोसळतात. वेदीकडचा एक तृतीयांश भाग पूर्ण मोकळा सोडावा. चित्रांसाठी मधल्या भागाच्या दोन्ही बाजू, कोरखालची जागा आणि मिळाल्यास साक्रिस्ती, म्हणजे उपासनेची वस्त्रे-भांडी ठेवण्याची खोली, घ्यावी. बारा-चौदा मीटर लांबीच्या चॅपलला दहा-बारा चित्रे पुरेशी होतात. तीस आणलीत तर गोदाम दिसेल.

माध्यमानुसार भेद करावा. तैलरंग अशा हवेला बऱ्यापैकी तोंड देतात, परंतु ताजे, नुकतेच वार्निश केलेले चित्र आणू नये. दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो आणि धुपाची काजळी त्यावर बसते. ॲक्रिलिक वाळल्यासारखे दिसले तरी उष्ण हवेत मऊ होते. कागदावरील काम चौकटीत, पुढे पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिकचे तावदान आणि मागे घट्ट पाठफळी लावून, शक्य तितके बंदिस्त करूनच आणावे. मात्र कोळसा किंवा पेस्टलच्या कामापुढे हे तावदान लावू नये, कारण त्यावर साचणारी स्थिर वीज रंगाचे कण ओढून घेते.

विषयाबाबत आयोजक दोन टोके गाठतात : एक तर काहीच दाखवत नाहीत, किंवा उद्घाटनाच्या दिवशी सर्वांना धक्का देतात. आज आपल्याला सौम्य वाटणारे चित्रही त्या जागेत सौम्य वाटेलच असे नाही. सांतु इस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिकून येऊन मरियेला साडी नेसवली. त्यावरून गोव्यात त्यांना इतका विरोध झाला की त्यांचे पुढचे बरेचसे आयुष्य पुण्याच्या आश्रमात गेले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपला आहे. म्हणून प्रदर्शनाआधी निदान एक महिना सर्व चित्रांची छायाचित्रे विगारांना, कोंफ्रारीला आणि रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला येणाऱ्या बायकांना दाखवावीत. त्या बायकांचे मत मला नेहमी सर्वांत उपयोगी पडले आहे. एकदा एका आजींनी वधस्तंभाच्या चित्राबद्दल एवढेच सांगितले, “बाय, हे दारापाशी नको, मुलं घाबरतील.” आम्ही ते चित्र साक्रिस्तीत नेले आणि तेथे ते जास्त चांगले दिसले.

तपासणी : प्रत्येक चित्रासमोर नकाशावरील एक जागा, लक्सची एक मर्यादा आणि ज्याने ते आधी पाहिले त्याचे नाव लिहिलेले असावे.

टप्पा ६ : पटले उभारणे

चित्रे भिंतीवर लावायची नाहीत. स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या पटलांवर लावायची. बिजागरीने जोडलेली दोन पटले कोनात उभी केली की ती एकमेकांना धरतात. सरळ एकेरी पटल असल्यास सुमारे दोन मीटर उंचीला ७० ते ७५ सेंटिमीटर खोलीचा पाया आणि त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. पाण्याचे कॅन वजन म्हणून वापरू नयेत, ते गळतात. संध्याकाळी दोन्ही दारे उघडली की खाडीवरचा वारा सरळ आत येतो, तेव्हा पटलाला वरून हाताने जोरात ढकलून पाहावे.

भिंत आणि पटल यांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे हवाही खेळते आणि मागे हात घालून पाल हुसकता येते. पायाखाली जाड नमद्याचे तुकडे द्यावेत. जेथे थडग्याच्या शिळेवर अक्षरे किंवा घराण्याचे चिन्ह कोरलेले असेल तेथे पाय टेकूच नये; पटल हलवावे किंवा रद्द करावे.

लाकूड आत आणण्याआधी ते बाहेर उन्हात उलटसुलट करून पाहावे. वाळवी किंवा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची बारीक छिद्रे, खाली पडलेला पिठासारखा भुसा असे काही दिसले तर ते लाकूड चॅपलच्या उंबरठ्याच्या आत येता कामा नये. तुमचे पटल तीन आठवड्यांनी निघून जाईल, पण वेदी लाकडाची आहे. कापणे, घासणे आणि रंग देणे हे सर्व आधीच, दुसरीकडे उरकलेले असावे.

सावधान : चित्रांना ओल लागू नये म्हणून चॅपलमध्ये वातानुकूलन किंवा हवा सुकवणारे यंत्र चालवण्याचा मोह होतो. शेकडो वर्षे दमट हवेला सरावलेले कोरीव लाकूड अचानक कोरडे पडले की आक्रसते, त्यावरचा खडू-सरसाचा थर उचलतो आणि वर्खाचे पापुद्रे गळतात. कोरडेपणा चौकटीच्या आत निर्माण करावा, चॅपलमध्ये नव्हे. बंदिस्त चौकटीत योग्य आर्द्रतेला आणून ठेवलेली सिलिका जेल एवढ्यासाठीच असते.

टप्पा ७ : प्रकाश

जलरंग, कागद आणि कापड यांना ५० लक्स, तैल व ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स ही मर्यादा. अतिसंवेदनशील कामांसाठी आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली आहे. ५० लक्सवर रोज ८ तास धरले तर ३० दिवसांत १२,००० लक्स-तास होतात, म्हणजे एका महिन्यात त्या चित्राची वर्षभराची शिदोरी जवळजवळ संपते. म्हणून पाहणारे नसतील तेव्हा दिवे बंद ठेवावेत.

दिवे एलईडीचे, उबदार छटेचे आणि रंग खरे दाखवणारे घ्यावेत, हॅलोजन नको. ते पटलाच्याच वरच्या कडेला बसवावेत. कोरच्या कठड्याला किंवा वेदीच्या खांबाला दिवा बांधणारा एक तरी उत्साही मदतनीस प्रत्येक गटात असतो, त्याला आधीच सांगून ठेवावे. विजेची जोडणी साक्रिस्तीच्या बोर्डावरून, गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच लावून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. जुन्या चॅपलांतील वायरिंगवर किती भार चालेल हे त्याने लिहून द्यावे. आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ठेवावे. कोरड्या भुकटीचे यंत्र वर्खाजवळ फवारले तर आग विझेल पण वेदी साफ करायला वर्ष लागेल.

टप्पा ८ : चित्रे आणणे आणि टांगणे

पुण्या-मुंबईहून घाटाने येणारी चित्रे गाडीत उभीच ठेवावीत, आडवी नव्हे, आणि पोहोचल्यावर खोकी चॅपलमध्ये न उघडता चोवीस तास तशीच राहू द्यावीत. थंड गाडीतून दमट हवेत आलेल्या कॅनव्हासवर दव धरते.

येथे मला स्वतःच्या एका चुकीबद्दल लिहिले पाहिजे. एका चित्रात मरियेच्या निळ्या साडीचा मोठा सपाट भाग ॲक्रिलिकमध्ये रंगवलेला होता. आम्ही त्याला थेट फुग्यांचे प्लास्टिक गुंडाळले आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. उघडले तेव्हा त्या निळ्यावर नाण्याएवढ्या वर्तुळांच्या रांगाच्या रांगा उमटलेल्या होत्या. चित्रकाराने काही न बोलता ते चित्र पुन्हा गुंडाळले. ॲक्रिलिकच्या पृष्ठभागाला आधी सिलिकॉनचा गुळगुळीत कागद लावावा, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांनी प्लास्टिक पृष्ठभागापासून दूर ठेवावे आणि मगच बांधावे.

उघडताच प्रत्येक चित्राचे स्थितिपत्रक लिहावे : कोपरे, भेगा, डाग, चौकट, मागची बाजू. त्याच दिवशी चॅपलच्या भिंती, फरशी आणि वेदीचीही छायाचित्रे ठरावीक जागांवरून घ्यावीत. भिंतीला पडलेली जुनी भेग तुमच्या नावावर लागू नये यासाठी दुसरा उपाय नाही. विमा चित्रकाराच्या घरून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचा असावा, केवळ प्रदर्शनाच्या दिवसांचा नव्हे.

उंचीबाबत दालनातील सवय येथे चालत नाही. दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर धरतात. चॅपलमध्ये लोक बाकांवर बसून, कधी गुडघे टेकून पाहतात. बाकांलगतच्या पटलांवर हा मध्य १२० ते १२५ सेंटिमीटरवर आणावा आणि स्वतः बसून पाहावे.

टप्पा ९ : प्रदर्शनाचे दिवस

माहितीपट्टी पटलावरच लावावी. मंद प्रकाशात वाचता यावी म्हणून अक्षरे किमान १८ ते २० पॉइंटांची असावीत. गोव्यात मजकूर रोमी लिपीतील कोंकणी, देवनागरी आणि इंग्रजी अशा तिन्हींत दिला तर कोणालाही दुसऱ्याला विचारावे लागत नाही. विषय, बायबलमधील संदर्भ, माध्यम, वर्ष आणि नाव एवढे पुरे. चित्राने काय वाटावे हे पट्टीने सांगू नये. किंमत लिहू नये, विक्रीचे टेबल आवाराबाहेर ठेवावे.

मिस्सेच्या अर्धा तास आधी दिवे बंद करावेत आणि नंतर पंधरा मिनिटांनी लावावेत. मिस्सेदरम्यान छायाचित्रे काढणाऱ्याला थांबवण्याचे काम साक्रिस्तांवावर टाकू नये. तुमचा माणूस तेथे असावा.

दालनात कधी न घडणारी एक गोष्ट येथे नक्की घडते. चॅपलमध्ये ठेवलेले धार्मिक चित्र लोक चित्र म्हणून पाहत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पटलाच्या पायाशी मेणबत्ती असते, तिसऱ्या दिवशी चौकटीच्या कोपऱ्यात अबोलीची फाती म्हणजे वेणी अडकवलेली असते, आणि कोणीतरी बोटे ओठांना लावून ती कॅनव्हासला लावतो. रागावू नये, दोर बांधून अपमानही करू नये. पटलांपासून दूर, दाराजवळ मेणबत्त्यांसाठी वाळूचे घंगाळ आणि फुलांसाठी थाळी ठेवावी, तेथे उभ्या असलेल्या माणसाने हसून तिकडे हात दाखवावा, आणि सकाळ-संध्याकाळ आर्द्रतेची नोंद घेताना प्रत्येक चौकट मागून-पुढून पाहावी.

तपासणी : रोज दोन वेळा आर्द्रता, दिव्यांची वेळ, चौकटींच्या मागचे जीव आणि जमिनीवर गळालेला चुना या चार नोंदी एकाच वहीत एकाच माणसाच्या अक्षरात असाव्यात.

टप्पा १० : उतरवणे

समारोपाच्या संध्याकाळीच उतरवायला घेऊ नये. थकलेली माणसे, अंधार आणि घाई यांत सर्वांत जास्त धक्के लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्थितिपत्रके हातात घेऊन, ज्या क्रमाने लावली त्याच्या उलट क्रमाने चित्रे उतरवावीत. मग दिवे, मग पटले. पटले ओढू नयेत, दोघांनी उचलावीत. वाळूच्या पिशव्या फाटल्या असतील तर सांडलेली वाळू मऊ कुंच्याने गोळा करावी, केरसुणीने ओढू नये. शिळेवरच्या उथळ अक्षरांना वाळूचे घर्षण पुरेसे असते.

बाके मूळ जागी लावून झाल्यावर पहिल्या दिवशीच्या छायाचित्रांच्या जागांवर उभे राहून तीच छायाचित्रे पुन्हा काढावीत, विगार आणि फाब्रिकचा एक सदस्य यांना सोबत घेऊन भिंत, फरशी आणि वेदी पाहावी, दोन प्रतींवर सह्या घ्याव्यात आणि किल्ली साक्रिस्तांवाच्या हातात द्यावी. नमद्याचे तुकडे मोजून घ्यावेत. एखादा हमखास बाकाखाली राहतो.